शेवंती गुलाबी होईपर्यंत

घाटमाथ्यावरच्या आंबेगडात, पुष्परंग संशोधन केंद्राच्या भरलेल्या सभागृहात, केंद्राचे संचालक डॉ. शशांक बोरगावकर एका शेवंतीपुढे हरले. 'उपस्थित मान्यवर' एवढं म्हणून झालं होतं, मान्यवरांची नावं अजून यायची होती, तेवढ्यात त्यांना खाली बसावं लागलं. त्यानंतर कुठल्याही व्यासपीठावर त्यांचं एकही वाक्य क्रियापदापर्यंत पोचलं नाही.

असं काही घडलेलं नाही. केंद्राच्या वार्षिक अहवालात त्या दिवसापुढे 'संचालकांनी संक्षिप्त मार्गदर्शन केले' असं छापलं आहे, आणि छापलेल्याच्या विरोधात जायची आपल्याला हौस नाही. तेव्हा डॉक्टर बोलताहेत, लोक ऐकताहेत आणि शेवंती निळी आहे असं धरून मुळापासून सुरुवात करू.

मुळाशी होती ओवी डांगे. ती केंद्रात कनिष्ठ रंगशास्त्रज्ञ होती. वरिष्ठ रंगशास्त्रज्ञ हे पद रिकामं होतं आणि त्याचं काम ओवीच करायची, पण पगाराच्या वेळी ते पुन्हा रिकामं व्हायचं.

तिची आई, सुजाता डांगे, आंबेगडच्या शाळेत सातवीला विज्ञान शिकवायच्या. त्या वर्गाच्या खिडक्या एका रंगकामात चौकटीला चिकटल्या त्या चिकटल्याच. दुपारी वर्गातली हवा इतकी कोंडायची की मागची दोन बाकं सामुदायिकरीत्या झोपी जायची. बाई तोंडात ज्येष्ठमधाची काडी धरायच्या, घसा ताणायच्या, आणि रोज संध्याकाळी घरी येऊन खुणांनी बोलायच्या. ओवीने लहानपणी आईचा आवाज फार कमी ऐकला. वर्गात ऐकला तेवढाच.

त्याच वर्गात तिने जास्वंदाची पाकळी कागदावर घासून त्यावर लिंबू पिळलं होतं. जांभळट डाग लाल झाला, आणि चुन्याच्या निवळीने हिरवट. बाकीची मुलं लिंबू चोखत बसली. ओवी त्या डागातून पुन्हा बाहेर आली नाही.

फुलांच्या रंगांचं असं असतं की सगळे रंग एका स्वभावाचे नसतात. झेंडूचा पिवळा तेलकट कणांत घट्ट बसलेला असतो, त्याला आंबट-खारट काही कळत नाही. बीट आणि बोगनवेल यांचं घराणंच निराळं. पण जास्वंद, गोकर्ण, जांभूळ, वांग्याची साल, यांच्यातला रंग एकाच कुळातला. त्याला अँथोसायनिन म्हणतात. पेशीच्या पोटात पाण्याची एक पिशवी असते, तिच्यात तो विरघळलेला असतो, आणि त्याला स्वतःचं असं मत नसतं. पाणी आंबट असेल तर तो लाल, आंबटपणा उतरला की जांभळा, आणखी उतरला की निळा. केंद्रातही अशी माणसं पुष्कळ होती, फक्त ती बदलताना दिसत नसत.

ओवीने पांढऱ्या शेवंतीत गोकर्णाची जनुकं घातली आणि तिला निळी केली. हे बाहेर इतरांनीही केलं होतं. तिची करामत पुढची होती. पाकळीतलं पाणी तिने बरोबर उंबरठ्यावर आणून ठेवलं, म्हणजे अलीकडे निळं आणि पलीकडे गुलाबी. आपण श्वास सोडतो त्यातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की पाणी किंचित आंबट होतं, सोड्याच्या बाटलीतलं असतं तसं. खोलीत हवा कोंडली की ही शेवंती उंबरठा ओलांडून गुलाबी व्हायची. खिडकी उघडली की पाकळीतले पंप आंबटपणा उपसून बाहेर टाकायचे आणि फूल परत निळं. हे पंप गारवेलीकडून उसने आणलेले होते. गारवेलीची कळी जांभळट असते आणि उमलताना निळी होते, ती याच पंपांच्या जोरावर.

वर्गात एक कुंडी ठेवायची. गुलाबी झाली की बाईंनी शिकवणं थांबवायचं आणि कुणीतरी पटाशी घेऊन खिडकी उघडायची. एवढंच तिला हवं होतं. फुलाचं नावही ठरलं होतं, 'सुजाता'. ते तिने फक्त निनादला सांगितलं होतं.

निनाद कुदळे डॉक्टरांचा स्वीय सहायक आणि ओवीचा होणारा नवरा. साखरपुडा झालेला. नावाच्या मानाने तो फारच कमी बोलायचा. सातवीत तो सुजाताबाईंच्याच वर्गात होता, आणि वर्षभरात त्याने दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा जांभई द्यायला. आता त्याच्याकडे डॉक्टरांच्या लवंगेची चांदीची डबी असायची. भाषणाआधी डॉक्टर दोन लवंगा गालात धरत, घसा खुलतो म्हणून. त्यांचा घसा कधी मिटलेला कुणी पाहिला नव्हता, पण काळजी घेतलेली बरी.

*

केंद्रात नव्या वाणाचं बारसं करायची पद्धत होती. कुंडी पाळण्यात ठेवायची, घुगऱ्या वाटायच्या, आणि ज्याने वाण घडवलं त्याने वाकून फुलाच्या कानाशी नाव सांगायचं. फुलाला कान कुठे असतो यावर केंद्रात दोन गट होते. पण जो नाव सांगेल तोच त्या वाणाचा जनक, यावर एकमत होतं. सरकारदरबारी नोंद तशीच व्हायची.

ओवी नवी साडी नेसून आली होती. पाळणा सजला. निनाद दोरी धरून उभा राहिला.

"डांगे," डॉक्टर म्हणाले, "घुगऱ्यांना मीठ कमी वाटतंय. जरा बघ ना."

ती कँटीनपर्यंत गेली. घुगऱ्या खाल्ल्या, मीठ बरोबर होतं. ती परत आली तेव्हा डॉक्टर पाळण्यावर वाकलेले होते, आणि बायका त्यांच्या पाठीत बुक्के मारत होत्या. बारशाला आत्याला मारतात तसे, पण पद ओळखून हलके.

"शशांकनीलिमा," डॉक्टर कुंडीला म्हणाले. मग सरळ होऊन सभेला म्हणाले, "कुणाची काही हरकत?"

त्यांनी निनादकडे पाहिलं, कारण तो सगळ्यांत जवळ होता. निनादने पाळण्याकडे पाहिलं. इतक्या जवळून सोडलेल्या श्वासाने शेवंती गुलाबी झाली होती.

"बाळ लाजलं," लेखा विभागातल्या बाई म्हणाल्या, आणि सगळे हसले.

"सर, हे वाण मी घडवलंय," ओवी दारातून म्हणाली. तिच्या हातात घुगऱ्यांचं पातेलं होतं, त्यामुळे वाक्याला हवं तसं वजन आलं नाही.

"अगं, जनक म्हणजे कुंडीत माती घालणारा नव्हे," डॉक्टर मायेने म्हणाले. "ज्याच्या छायेत झाड वाढतं तो जनक. तू वाट त्या घुगऱ्या."

तिने वाटल्या. प्रत्येकाच्या द्रोणात वाढताना ती त्या माणसाचा चेहरा नीट पाहून ठेवत होती. पण शेवटच्या द्रोणापर्यंत तिला कळलं की एवढ्या माणसांचा सूड एका जन्मात उरकणार नाही. मग तिने बाकीच्यांना माफ केलं आणि सगळा राग डॉक्टरांच्या नावावर जमा केला.

*

"तू बोलला का नाहीस?" तिने संध्याकाळी निनादला विचारलं. ते ओवीच्या घरी बसले होते. मधल्या टेबलावर शेवंतीची एक कुंडी होती.

निनादने बराच विचार केला. "हरकत विचारली तेव्हा माझ्या हातात दोरी होती."

"मग?"

"सोडली असती तर कुंडी पडली असती."

"दोरी धरूनही तोंड उघडता येतं, निनाद."

तो यावरही विचार करू लागला. ओवी फुलाकडे बघत राहिली. निनाद समोर बसला की शेवंती निळीच राहायची, तासन् तास. आधी तिला वाटायचं की हा माणूस आतून किती निर्मळ आहे. आता तिच्या लक्षात आलं की त्याच्या तोंडून हवाच बाहेर येत नाही.

आतून चहा घेऊन सुजाताबाई आल्या. "जाऊ दे गं," त्या उरलेल्या आवाजात म्हणाल्या. "नावात काय ठेवलंय. वर्गात कुंडी आली म्हणजे झालं."

"नाव तुझं होतं, आई."

बाई थबकल्या. हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी कप खाली ठेवला, फुलाची एक पाकळी उगाच सारखी केली आणि आत गेल्या. त्या वेळी फूल थोडं गुलाबी झाल्यासारखं ओवीला वाटलं, पण तो संध्याकाळचा उजेड असेल.

*

पहिला सूड साधा होता. निळ्या शेवंतीसाठी डॉक्टरांचा जाहीर सत्कार ठरला, आणि हार ओवीने स्वतः गुंफला. आपल्याकडे सत्कारमूर्ती हार गळ्यात पडताच काढून टेबलावर ठेवतात, नम्रता दिसावी म्हणून. डॉक्टर हार काढत नसत. शेवटचा फोटो होईपर्यंत तो गळ्यात असायचा, आणि शेवटचा फोटो कधी होत नसे. ओवीचा हिशेब सरळ होता. डॉक्टर बोलतील, हार गुलाबी होईल, आणि हा माणूस म्हणजे कोंडलेली हवा आहे हे सगळ्या जिल्ह्याला दिसेल.

हार ठरल्याप्रमाणे वरून खाली गुलाबी होत गेला. मागच्या रांगांत खसखस पिकली. डॉक्टरांनी मान खाली घालून पाहिलं, एक क्षण थांबले, आणि डोळे पुसले.

"पाहिलंत?" ते सभेला म्हणाले. "माझ्या लेकराला प्रेम कळतं."

दुसऱ्या दिवशी बातमी आली, 'प्रेम ओळखणारी शेवंती'. महिन्याभरात केंद्राला नव्या सभागृहाची मंजुरी मिळाली. सभागृहाला डॉक्टरांचं नाव देण्यात आलं आणि खिडक्या देण्यात आल्या नाहीत. डॉक्टरांना 'भावपुष्प' नावाचा पुरस्कार मिळाला, तो त्याआधी अस्तित्वात नव्हता. आंबेगडच्या शाळेला मात्र कुंडी मिळाली नाही. एवढं प्रेमळ झाड सातवीच्या वर्गात ठेवणं योग्य होणार नाही, असं डॉक्टरांचं मत पडलं.

ओवीने ती बातमी कापून स्वयंपाकघरात गॅसच्या वर चिकटवली. रोज फोडणी दिली की तिच्यावर तेल उडायचं. तेवढाच आधार.

दुसरी शेवंती घडवताना तिने एक काळजी घेतली, की या झाडाला प्रेम कळता कामा नये. त्याला एकच गोष्ट कळायला हवी होती.

आंब्याच्या बागेत फळमाशीसाठी सापळे टांगतात. त्यांतल्या आमिषाला जो वास असतो, त्याचा सख्खा भाऊ लवंगेत राहतो. त्याचं नाव युजेनॉल. कीटकांच्या मिशांमध्ये वास ओळखणारी प्रथिनं असतात. ही प्रथिनं म्हणजे चिमुकली दारं. ठरावीक वास आला की उघडतात, एरवी बंद. ओवीने माशीकडून असं एक दार उचललं, लवंगेपुरतं तासलं, आणि शेवंतीच्या पाकळीत बसवलं. दारामागे आंबटपणा दाबून भरलेला. लवंगेचा वास आला की दार उघडणार, आंबटपणा आत कोसळणार, आणि निळं फूल बघता बघता गुलाबी. शिवाय तिने गारवेलीचे बहुतेक पंप काढून टाकले. त्यामुळे एकदा गुलाबी झालेलं फूल निळं होणार ते थेट दुसऱ्या दिवशी. श्वासाशी या झाडाचं काही घेणंदेणं नव्हतं. हे झाड फक्त डॉ. शशांक बोरगावकरांसाठी जन्माला आलं होतं. पाळणा, घुगऱ्या काही नाही. नावसुद्धा नाही.

"नवीन कुंडी?" निनादने विचारलं.

"हो."

"बरं," तो म्हणाला, आणि डबीत लवंगा भरू लागला.

*

खिडक्या नसलेल्या सभागृहाच्या उद्घाटनाला पुष्परंग परिषद भरायची होती. तयारीच्या बैठकीत डॉक्टर अस्वस्थ होते.

"पिसाळला आवरायला हवं," ते म्हणाले. प्रा. माधव पिसाळ हे त्यांचे जुने प्रतिस्पर्धी. ते भाषणात स्वतःच्या चारोळ्या म्हणत, आणि उरलेल्या पुढच्या सभेत म्हणत. "मला एक सुचलंय. माईकजवळ शेवंती ठेवायची. गुलाबी झाली की वक्त्याने थांबायचं. हवा कोंडते, श्रोत्यांच्या आरोग्याचा प्रश्न आहे. फूल निळं होईपर्यंत सभेत कुणीच बोलायचं नाही. आणि अपुरं राहिलेलं भाषण नंतर कुठेही पुरं करायचं नाही. केलंच तर त्यासाठी नेमलेल्या समितीची परवानगी."

"सर, पिसाळसरांना वाटेल नियम त्यांच्यासाठीच काढलाय," ओवी म्हणाली.

"त्यांच्यासाठीच आहे."

"म्हणून म्हणते, सुरुवात तुम्ही करा. आधी तुम्ही बोला, मग कोण काय म्हणणार."

डॉक्टरांनी तिच्याकडे प्रथमच कौतुकाने पाहिलं. "डांगे, तू आता खरी केंद्राची झालीस."

ओवी लाजली. तिला लाजता येतं हे तिला त्या दिवशी कळलं.

परिषदेला मंत्रिमहोदय आले होते. माईकजवळची कुंडी ओवीने स्वतः आणून ठेवली होती, ती बिननावाची. डॉक्टरांनी दोन लवंगा गालात धरल्या, निनादला डबी परत दिली, माईकपाशी गेले आणि नियम खणखणीत आवाजात वाचून दाखवला. "हा नियम सर्वांत आधी मला लागू," ते शेवटी म्हणाले. टाळ्या पडल्या. ते कुंडीकडे झुकले. "उपस्थित मान्यवर..."

शेवंती गुलाबी झाली. हळूहळू नाही, एखाद्याने दिवा लावावा तशी.

डॉक्टर हसले. "प्रेम," ते म्हणाले. कुणी हसलं नाही. त्यांच्या घशाला कोरड पडली असावी, कारण त्यांनी हात मागे केला. निनादने सवयीने आणखी दोन लवंगा त्या हातावर ठेवल्या. डॉक्टरांनी त्या तोंडात टाकून पुन्हा "उपस्थित" म्हटलं तेव्हा फुलाचा रंग डाळिंबाच्या दाण्यापर्यंत गेला होता.

"डॉक्टर, नियम म्हणजे नियम," पहिल्या रांगेतून प्रा. पिसाळ गोड आवाजात म्हणाले.

डॉक्टर खाली बसले. फूल निळं होईपर्यंत कुणीच बोलायचं नव्हतं, म्हणून आभारप्रदर्शनही झालं नाही. पिसाळांच्या चारोळ्या खिशात राहिल्या. मंत्रिमहोदयांनी घड्याळ पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच ते एका कार्यक्रमातून दुसऱ्या कार्यक्रमाला वेळेवर निघाले होते. दारातून वळून त्यांनी त्या कुंडीला नमस्कार केला.

स्वयंपाकी गडबडून गेला, जिलब्या अजून तळायच्या होत्या. तळून झाल्यावर ओवीने पोटभर खाल्ल्या, आणि प्रत्येक जिलबी डॉक्टरांच्या एकेका पदवीचं नाव घेऊन मोडली. डॉक्टरांच्या पदव्या संपल्या तेव्हा तिने मानद पदव्या सुरू केल्या.

*

सूड इथे संपायला हवा होता. पण मंत्रिमहोदय भारावले होते. आठवड्याच्या आत शासन निर्णय निघाला, की राज्यातल्या प्रत्येक व्यासपीठावर परिषदेतल्या नियमासकट ही शेवंती असलीच पाहिजे. आणि नुसती शेवंती नव्हे, तर परिषदेतल्या त्या ऐतिहासिक कुंडीचीच. शेवंतीच्या बुडाशी फुटवे येतात, ते वेगळे करून लावले की तंतोतंत तेच झाड. वर्षभरात त्या बिननावाच्या झाडाची राज्यभर लाखो भावंडं झाली. ओवीला हरकत घेता आली नाही. हरकत घेतली असती तर कारण सांगावं लागलं असतं.

मग कळलं की राज्यात बोलणारी बहुतेक माणसं लवंगेवर चालतात. प्राचार्य, बँकांचे अध्यक्ष, उद्घाटक, अध्यक्षीय समारोप करणारे, सगळ्यांच्या गालात लवंग. 'व्यासपीठावरील' म्हणता म्हणता ते एकेक करून खाली बसू लागले. लोकांना वाटलं की फुलाला कंटाळा कळतो. सभा पाच मिनिटांत संपू लागल्या. सभागृहांचे पंखे विकायला निघाले. एका गावात पुतळ्याचं अनावरण इतक्या लवकर उरकलं की पुतळा टेम्पोतून अजून यायचा होता.

डॉक्टरांना राज्यस्तरीय शेवंती समितीचं अध्यक्ष करण्यात आलं. समितीच्या टेबलावर अर्थातच कुंडी असे. डॉक्टर गालात लवंग धरून येत, खुर्चीत बसत, तोंड उघडत, फूल गुलाबी होई, आणि बैठक संपे. आवाज बसला म्हणून ते लवंगा वाढवत गेले. ओवी तिचं काम नसताना प्रत्येक बैठकीला हजर राहायची. समोरची खुर्ची धरायची. डॉक्टरांच्या वाढदिवसाला तिने त्यांना केरळची पहिल्या प्रतीची लवंग भेट दिली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं.

*

त्या उन्हाळ्यात सुजाताबाई निवृत्त झाल्या. शाळेच्या अंगणात मांडव घातला. तीस वर्षांतले विद्यार्थी आले, मागच्या बाकावर झोपलेलेसुद्धा. माईकजवळ कुंडी होती. आता ती शाळेलाही सक्तीची होती, आणि वर्गाच्या खिडक्या अजून चिकटलेल्याच होत्या.

ओवीला काळजी नव्हती. आई ज्येष्ठमधवाली.

बाई छान बोलत होत्या. जास्वंदाची पाकळी, लिंबू, कोण कुठे झोपायचं ते नावानिशी. मांडव हसत होता. मग त्यांना ठसका लागला. काडी घरी राहिली होती. ओवीच्या मागच्या खुर्चीवर निनाद बसला होता. तो उठला, बाईंच्या हातावर त्याने काहीतरी ठेवलं आणि परत येऊन बसला. ओवीने पाहिलं ते फक्त चांदीचं झाकण मिटताना.

"आता शेवटचं," बाई म्हणाल्या. त्यांनी लवंग गालात सरकवली आणि मांडवात ओवी कुठे बसली आहे ते शोधलं. "आमच्या ओवीबद्दल एक गोष्ट मी कधी कुणाला सांगितली नाही. तिलाही नाही. ती..."

फूल गुलाबी झालं.

मुख्याध्यापक अवघडून उठले. पण त्यांना काही करावं लागलं नाही. बाईंनी आयुष्यभर मुलांना नियम पाळायला शिकवलं होतं. त्यांनी फुलाकडे पाहिलं, तोंड मिटलं आणि खाली बसल्या. फूल गुलाबी असल्यामुळे टाळ्यांची घोषणा कुणाला करता आली नाही, आणि घोषणेवाचून त्या वाजल्या नाहीत.

"आई, 'ती'च्या पुढे काय होतं?" घरी आल्या आल्या ओवीने विचारलं. निनाद पुष्पगुच्छ सांभाळत मागे उभा होता.

"फूल नको म्हणालं ना. राहिलं."

"फुलाला काही कळत नाही गं. त्याला फक्त..." ओवी थांबली.

"फक्त काय?" बाईंनी विचारलं. हा सातवीच्या वर्गातला आवाज होता.

ओवी दारातल्या चपला सारख्या करू लागली.

"लवंग," निनाद म्हणाला.

दोघींनी वळून पाहिलं.

"तुला माहीत होतं?"

"डबी माझ्याकडे असते," तो म्हणाला. "दुसऱ्या बैठकीपासून माहीत होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू खूश होतीस. इतकी खूश तुला कधी पाहिली नव्हती." तो पुष्पगुच्छाकडे बघू लागला. "आज बाईंना ठसका लागला, आणि हात आपोआप डबीकडे गेला. सवय."

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. प्रथिनाचं दार, आंबटपणा, काढून टाकलेले पंप. मध्ये एकदा त्यांनी "पंप किती ठेवलेस?" असं विचारलं, कारण विज्ञान ते विज्ञान. मग म्हणाल्या, "जाहीर करून टाक. लवंग खाऊन बोलू नका म्हणावं. संपलं."

"मग तो बोरगावकरही बोलायला लागेल."

"लागू दे."

"नाही," ओवी म्हणाली.

"अगं, तुझा तो एक बोलू नये म्हणून सगळं राज्य गप्प?"

"हो."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. चुकलेलं उत्तर ठाम आवाजात देणाऱ्या मुलाकडे बघतात तशा. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. "माझं वाक्य त्या मांडवातलं होतं. तोच माईक, तीच माणसं, आणि मी. तिथे पुरं करू देणार असतील तर करीन. घरी असं चहा पिताना सांगण्यासारखं ते नाही."

त्यांनी साडीचा पदर खोचला आणि पुन्हा खुणांनी बोलू लागल्या. घसा चांगला होता, तरीही.

ओवीने लवंगेचं एक वाक्य जाहीर करायचा अवकाश होता. ते केलं असतं तर आईचं वाक्य मिळालं असतं, आणि त्याच दिवशी डॉक्टरांचंही. ती गॅससमोर उभी राहिली. तेलकट बातमीतून डॉक्टर डोळे पुसत होते. तिने बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं, मग कागद घेतला. नियमाप्रमाणे अपुऱ्या भाषणाच्या परवानगीचा अर्ज अध्यक्षांनी बैठकीत स्वतः वाचून दाखवल्याशिवाय विचारात घेतला जात नाही. टेबलावर कुंडी असतेच. हे तिला ठाऊक होतं. तरी तिने सुवाच्य अक्षरात लिहिलं.

प्रति,
मा. अध्यक्ष डॉ. शशांक बोरगावकर,
राज्यस्तरीय शेवंती समिती, आंबेगड.

विषय: अपूर्ण राहिलेले एक वाक्य पूर्ण करण्यास परवानगी मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्ज करण्यात येतो की, अर्जदाराच्या आई श्रीमती सुजाता डांगे यांचे निरोपाचे भाषण 'ती' या शब्दावर खंडित झाले आहे. तरी सदर वाक्य पुढे चालू करण्यासाठी शाळेच्या अंगणात तोच मांडव पुन्हा घालण्यात यावा, त्या दिवशी उपस्थित असलेल्या सर्व विद्यार्थ्यांना त्याच जागी बसवण्यात यावे, आणि वाक्य संपेपर्यंत कुंडी बाजूला ठेवण्यात यावी. सदर वाण जनकाने निनावी ठेवलेले असल्याने त्यास 'सुजाता' हे नाव देण्यात यावे. फुलाच्या कानाशी नाव सांगण्यास अर्जदार समक्ष हजर राहील, घुगऱ्यांचे मीठ दुसऱ्या कुणी पाहावे. आपण हा अर्ज बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावा. मात्र सदर परवानगीचा लाभ मा. अध्यक्षांना कोणत्याही परिस्थितीत, कोणत्याही व्यासपीठावर देण्यात येऊ नये, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
ओवी डांगे
कनिष्ठ रंगशास्त्रज्ञ

सोबत: लवंग, एक डबी.